तायडेसरांची दुपार

तायडेसरांसमोर "आज काय मस्त हवा आहे!" असं म्हणायची चोरी होती. कुणी अनवधानाने म्हणालंच, तर ते चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "दुपार होऊ दे." एवढंच. पण तेवढ्याने समोरच्याच्या चहाची चव जायची.

हे वाक्य मी बरीच वर्षं रोज ऐकलं. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. आमचं काम सांगायला सोपं आहे. ऑस्ट्रेलियातलं हे टूवूंबा शहर डोंगराच्या कडेवर वसलंय. पूर्वेला उतार, आणि पश्चिमेला नजर पोचेल तिथपर्यंत सपाट काळी जमीन. तिच्यावर गहू, ज्वारी, कापूस, गुरांचे अवाढव्य गोठे आणि अधूनमधून एखादं घर. वसंत लागला की या सपाटीवर दुपारी ढग उभे राहतात. बहुतेक ढग नुसते गडगडतात, थोडा पाऊस सांडतात आणि निघून जातात. एखादा मात्र स्वतःभोवती फिरायला लागतो. मग त्याच्यातून क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा पडतात, झाडं उपटणारा वारा सुटतो, आणि क्वचित जमिनीपर्यंत टोर्नेडोची सोंड उतरते. कुठला ढग फिरणार आणि तो कुणाच्या डोक्यावर जाणार हे ओळखून त्या लोकांना आधी फोन करायचा, हे आमचं काम. सरकारी इशारे वेगळे. आमची कंपनी छोटी, खासगी, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्हाला पैसे देणारे लोक म्हणजे शेतकरी, गोठेवाले आणि उंच क्रेन चालवणारे.

मी पुण्याची. मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या युनिव्हर्सिटीतून शिकून इथे आले, तेव्हा मालक ग्लेनने माझी ओळख करून दिली. तायडेसरांनी मान वर न करता विचारलं, "पुण्याची का? मग तुले उकाडा काय माहीत!" सर अकोल्याचे. उकाडा ही आपल्या गावची खासगी मालमत्ता आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. मला त्यांचा राग आला होता. तो फार दिवस टिकला नाही, कारण ज्याला सतत भीती वाटते अशा माणसावर रागावून राहता येत नाही.

भीती म्हणजे किती? घर घ्यायच्या वेळी लोक स्वयंपाकघर बघतात, शाळा किती लांब ते बघतात. सरांनी आधी खिडकी नसलेली खोली शोधली. ती होती मधली बाथरूम. तिथे त्यांनी एक गादी उभी करून ठेवली, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, टॉर्च ठेवला. त्यांच्याकडे जेवायला गेलेला प्रत्येक पाहुणा हात धुवायला जायचा आणि कमोडशेजारी डबल बेडची गादी बघून गोंधळून बाहेर यायचा. सुजाताताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, इथल्या हायस्कुलात गणित शिकवतात. बोलायला एकदम रोखठोक. त्या म्हणायच्या, "विचारू नकोस मृणाल. एवढं ऊन आहे या देशात, आणि माझे कपडे पंचवीस वर्षं गॅरेजात वाळतायत."

डबा सर सकाळीच खायचे. दुपारी अन्न उतरत नाही, म्हणायचे. कुणाच्या घरी गेले की "कसे आहात"च्या आधी "छत कधी बदललं?" हा प्रश्न. गाडी नेहमी छपराखाली आणि तोंड बाहेर करून. ऑफिसच्या पश्चिमेच्या खिडकीशी ते इतक्या वेळा जाऊन उभे राहायचे, की तिथला गालिचा झिजून खालचं लाकूड दिसत होतं. ग्लेन वैतागून म्हणायचा, "मेट, लाखो डॉलरचं रडार आहे आपल्याकडे." सर म्हणायचे, "हो ना. पण रडारला घाम येत नाही."

आमच्या धंद्यात चुका दोनच. वादळ येणार सांगितलं आणि आलं नाही, ही एक. येणार नाही म्हणालो आणि आलं, ही दुसरी. सरांना पहिलीची लाज नव्हती आणि दुसरीचा विचारही सहन व्हायचा नाही. त्यामुळे ते जरा जास्तच इशारे द्यायचे. इशारा दिला की शेतातली कापणीची यंत्रं थांबतात, क्रेन थांबते, माणसं आडोशाला जाऊन बसतात. मग वादळ चार मैलांवरून निघून जातं आणि आमच्या फोनवर शिव्या सुरू होतात.

या शिव्या घ्यायला सर स्वतः बसायचे. खरं तर ते आपण होऊन फोन करायचे. वादळ टळलं की यादीतल्या एकेकाला विचारायचे, "सगळं ठीक ना? काही झालं नाही ना?" पलीकडून येणारी सरबत्ती मला माझ्या खुर्चीत ऐकू यायची. सगळ्यात वाईट बोलायचा केव्ह. सपाटीवर गहू पिकवणारा, सत्तरीचा, बायको गेलेला, फाटक्या तोंडाचा. एकदा त्याने सरांना सलग इतकं सुनावलं, की मीच फोन हिसकावून घ्यायला उठले. सरांनी मला हाताने थांबवलं. फोन ठेवून म्हणाले, "शिव्या घालतोय ना? म्हणजे धडधाकट आहे." आणि पुढचा नंबर लावला. त्याच हंगामात केव्हने आमच्याशी करार मोडला. कापणी तीनदा थांबवायला लावली आणि तीनदा कोरडं गेलं, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं.

ही भीती त्यांच्यात आली कुठून, हे सरांनी मला एकदाच सांगितलं. ऑस्ट्रेलियात नवे असतानाची गोष्ट. त्याआधी ते अमेरिकेच्या मैदानी भागात शिकले होते. तिकडे असा फिरणारा ढग बहुधा वाऱ्याच्या मुख्य दिशेपासून उजवीकडे वळतो. तिथल्या माणसाची नजर आपोआप उजवीकडे जाते. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात सगळं आरशातल्यासारखं उलटं. इथला वाईट ढग डावीकडे वळतो. हे सरांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पहिल्या मोठ्या वादळाच्या दिवशी धांदल उडाली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी उजवीकडच्या सगळ्या लोकांना फोन केले. ढग डावीकडे गेला. तिथे एका गोठ्यावर डॅरेन नावाचा माणूस शेडची खिडकी बंद करत होता. गारेने काच फुटली आणि त्याचा एक डोळा गेला.

"त्याने मला कधी दोष दिला नाही," सर म्हणाले. "हसतो माझ्याशी. ते हसणं नाही बघवत मला." दर ख्रिसमसला ते डॅरेनकडे आंब्यांची पेटी घेऊन जायचे. आणि त्या दिवसापासून कुठलाही ढग पडद्यावर आला, की सर त्याच्या डाव्या अंगाला अंगठा टेकवून बसायचे. सफाईवाला रोज तो पडदा पुसायचा आणि दुपारपर्यंत तिथे पुन्हा अंगठ्याचे ठसे उमटलेले असायचे. नवीन लोक हसायचे. मीही हसले होते. आता माझ्या पडद्यावरही ते ठसे असतात.

आता खरं संकट सांगते. ते ऑफिसातलं नव्हतं, घरचं होतं.

टूवूंबात आपली माणसं तशी मोजकीच. हॉस्पिटलचे डॉक्टर, युनिचे प्राध्यापक, विद्यार्थी, काही इंजिनिअर. त्यांतली बरीच बौद्ध कुटुंबं दर ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन एकत्र साजरा करतात. शहराच्या पश्चिमेला, सपाटीवरच्या एका खेड्यातलं मैदान स्वस्तात मिळतं. तिथे मोठा तंबू, वंदना, भाषणं, मुलांचे नाच, जेवण. मीही दरवर्षी जाते, कारण सुजाताताईंच्या हातची खीर. अडचण एकच. ऑक्टोबर हा वादळांचा महिना आहे, आणि मैदानावरचा तंबू ही सरांच्या मते माणसाने शोधलेली सगळ्यात मूर्ख वस्तू आहे.

एका वर्षी त्यांनी आदल्या दिवशी कार्यक्रम रद्द करायला लावला. दुसऱ्या दिवशी आकाश असं निळंशार, की मुलं पतंग उडवत होती. आठवडाभर घरोघरी फ्रिजात खीर आणि वडे. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना पहाटे उठवून बोलावलं आणि जेवणाआधी तंबू उतरवायला लावला. एक थेंब पडला नाही. लोक काय बोलतात ते सरांना कळत होतं. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण सर दिसले की कुणीतरी हात कपाळावर आडवा धरून आकाशात बघितल्यासारखं करायचं आणि पोरं खिदळायची. सर पण हसायचे. सुजाताताई हसायच्या नाहीत. त्यांना आपल्या नवऱ्याची लाज वाटायला लागली होती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना रडल्या.

तिसऱ्या वर्षी समितीचे अध्यक्ष डॉ. वानखेडे सरांना म्हणाले, "सर, धिस यिअर तुम्ही फक्त यायचं, जेवायचं. फोरकास्ट नको. ओके?" वानखेडे हार्टचे डॉक्टर, माणूस प्रेमळ. पण हे ते भर बैठकीत म्हणाले. सुजाताताईंनी त्यावर कडी केली. "यांना त्या दिवशी ड्युटी घेऊ दे. घरी ठेवलं तर खिडकीतून बघतील, मैदानावर आणलं तर वर बघतील. ऑफिसात बसू देत एकदाचे." सगळे हसले. सरांनी ड्युटी घेतली. मी पण त्यांच्याबरोबर थांबले, खिरीवर पाणी सोडून.

त्या दिवशी सकाळी खरंच काही नव्हतं. सगळे अंदाज सांगत होते की जे व्हायचं ते फार दक्षिणेला होईल. सरांनी सकाळी डबा उघडला आणि तसाच बंद केला. "दमट आहे," एवढंच म्हणाले. दुपारी नैर्ऋत्येला ढगांचे मनोरे उभे राहिले. त्यातला एक मोठा झाला आणि आमच्या डोळ्यांसमोर दुभंगला. उजवा तुकडा विरत गेला. डावा फुगायला लागला. सरळ गेला असता तर मैदानाच्या बऱ्याच दक्षिणेकडून निघून गेला असता. सरांचा अंगठा पडद्यावर होता. ढगाची कड वळली आणि अंगठ्याखाली आली.

"मृणाल," ते म्हणाले, "फिरतोय."

आम्ही यादीतल्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. ग्लेन घरून बोलत होता. त्याचं म्हणणं, वादळ म्हणा, गारा म्हणा, पण टोर्नेडो हा शब्द डोळ्यांनी बघितल्याशिवाय वापरू नका, लोक बिथरतात. इतक्या वर्षांत सरांनी तो शब्द इशाऱ्यात कधीच घातला नव्हता. त्या दिवशी घातला. ग्लेन फोनवर ओरडत होता आणि सरांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

मग त्यांनी सुजाताताईंना फोन लावला. वाजत राहिला. वानखेड्यांना लावला. वाजत राहिला. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला लावला. एकही उचलला जाईना. तेव्हा मला आठवलं. मागच्या वर्षी वंदनेच्या मध्ये कुणाचा तरी फोन हिंदी गाणं म्हणायला लागला होता, म्हणून यंदा सुजाताताईंनी ठरवलं होतं की तंबूच्या दारात एक वेताची टोपली ठेवायची आणि सगळ्यांनी आपापले फोन आवाज बंद करून त्यात टाकायचे. सरकारी इशारा आला असणार तोही त्या टोपलीतच. ब्रिस्बेनहून भन्तेजी आले होते, संकटातून रक्षण व्हावं म्हणून म्हणतात तो परित्राण पाठ चालू होता. ऐंशीएक माणसं पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून बसलेली.

तिथवर गाडीने जायचं तर आम्ही वादळाच्या नंतर पोचलो असतो. सर खिडकीपाशी गेले, परत आले, परत खिडकीपाशी गेले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "केव्ह."

केव्हचं शेत त्या मैदानाला लागून होतं. त्याने फोन उचलला, आवाज ओळखला आणि सुरू झाला. "तू पुन्हा? तुला सांगितलं ना, मी तुझा गिऱ्हाईक नाही." सरांनी त्याला बोलू दिलं नाही. हे मी पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, "केव्ह, गिऱ्हाईक म्हणून नाही. माय वाइफ इज इन दॅट टेंट." मग केव्हने फक्त विचारलं, "हाउ लाँग हॅव आय गॉट?" सर म्हणाले, "फार नाही." फोन बंद झाला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. रडारचं चित्र काही मिनिटांनी बदलतं, आणि प्रत्येक वेळी ढग त्या मैदानाच्या जवळ सरकलेला दिसत होता. दुसऱ्या गोठ्यांचे फोन वाजत होते. सरांनी एक उचलला, दोन शब्द बोलले आणि मला दिला. "तू बघ बाकीचं," ते म्हणाले. "मला अक्षरं दिसत नाहीयेत." मी घाबरून गेले. इतकी वर्षं सगळ्यांच्या वतीने हा माणूस घाबरत होता, त्यामुळे आम्हाला कुणाला घाबरावं लागलंच नव्हतं. आता ते काम माझ्याकडे आलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि ते निघाले. मी जाऊ नका म्हणाले नाही.

तंबूत काय झालं ते मला सुजाताताईंनी सांगितलं.

केव्ह गाडी भरधाव आणून तंबूपाशी थांबला. दारात जोड्यांचा ढीग बघून त्याने आपले बूट काढले. टोपी काढली. आत गेला तर सगळे प्रार्थनेत. आता हा माणूस फोनवर वाट्टेल ते बोलणारा, पण कुणाच्या प्रार्थनेत बोलायचं नाही हे त्याच्या आईने शिकवलेलं. तो मागे उभा राहिला. पाठ संपायची वाट बघत! एका मुलीला वाटलं, गावातले पाहुणे आले, म्हणून तिने त्याला खुर्ची दिली आणि वाहायला एक फूल दिलं. केव्ह फूल हातात घेऊन उभा, बाहेर पश्चिम काळी-हिरवी झालेली, आणि आत माइकवर शांत पाली पाठ. सुजाताताई म्हणाल्या, "मला अजून स्वप्नात तो फूल घेऊन उभा दिसतो, आणि मी डोळे मिटून बसलेली."

शेवटी भन्तेजींनी डोळे उघडले. मागे उभा असलेला माणूस सारखा बाहेर बघतोय हे त्यांना दिसलं. ते पाठ थांबवून इंग्रजीत म्हणाले, "सर, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"सॉरी फादर," केव्ह म्हणाला. "टोर्नेडो येतोय. तुमच्या त्या टायडीने फोन केला."

मग, आणि याचं वानखेड्यांना आजही वाईट वाटतं, वानखेडे हसले. "ओह, आमचे सर! एव्हरी यिअर..." मागून दोघं-तिघं हसले. कुणीतरी कपाळावर हात आडवा धरला.

सुजाताताई उठल्या. त्या मराठीतच ओरडल्या, "हसू नका! हा माणूस यांना किती घाणेरडं बोललाय ते माहितेय मला. याच्याकडे हे साधा ग्लासभर पाणी मागणार नाहीत. याला फोन केलाय म्हणजे खरं आहे. उठा!"

सगळे अनवाणी पळाले. जोडे शोधत बसायला वेळ नव्हता. केव्ह पुढे, त्याच्या मागे गाड्या, आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका म्हाताऱ्यांना ओढत नेतायत. केव्हच्या शेतात एक जुनी, बंद पडलेली डेअरी होती, काँक्रीटच्या भिंतींची. जिथे एकेकाळी गाई दुधाला उभ्या राहायच्या त्या कप्प्यांत ऐंशी माणसं दाटीवाटीने उभी राहिली. गारा पत्र्यावर पडायला लागल्या तेव्हा शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. छताचा अर्धा पत्रा सोलून निघाला. भिंती टिकल्या. भन्तेजींनी मघाशी सोडलेला पाठ तिथे पुढे सुरू केला असं लोक सांगतात, पण आवाज कुणालाच आला नाही. एका आजींचं मनगट मोडलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

तंबू विजेच्या खांबाला गुंडाळला गेला. फोनची टोपली उडाली ती सापडलीच नाही. तारा तुटल्या, केव्हचाही फोन बंद. म्हणजे तिथे सगळे सुखरूप होते आणि हे सांगायला एकाकडेही काही नव्हतं. इकडे मी ऑफिसात, तिकडे सर पडलेल्या झाडांमधून वाट काढत चाललेले, आणि दोघांनाही काही माहीत नाही. फोनची तशी वाट मी आयुष्यात कधी बघितली नाही. बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. सर होते. म्हणाले, "आहेत. सगळे आहेत." मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जोडे गोळा करायला गेलो. काळ्या चिखलात लांबच लांब चपला, सँडल, मुलांचे चमकणारे बूट पसरले होते. केव्हचा गहू आडवा झाला होता. तो आपला एक बूट हातात घेऊन दुसरा शोधत होता. सर त्याच्याजवळ गेले आणि गव्हाकडे बघत सॉरी म्हणाले. केव्ह म्हणाला, "तू काय केलंस मेट? वारा तू सोडला होतास?"

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. सरांच्या बाबतीत ती इथे सुरू झाली.

आता लोक त्यांचं ऐकायला लागले. नुसतं ऐकायला नाही, प्रत्येक शब्द झेलायला. "सर, बुधवारी कपडे बाहेर वाळत घालू?" "सर, मुलीचं लग्न सिडनीच्या केलीव्हिलला ठरतंय, नोव्हेंबर चालेल?" केव्हने पुन्हा करार केला आणि सपाटीवर सगळ्यांना सांगत सुटला. ग्लेनचे गिऱ्हाईक वाढले आणि टोर्नेडो शब्द वापरण्याबद्दल तो पुन्हा कधी काही बोलला नाही. सर म्हणाले थांबा, की कुठलाही प्रश्न न विचारता सगळी सपाटी थांबायची. वादळ आलं नाही तरी कुणी शिव्या द्यायचं नाही. उलट म्हणायचे, "बेटर सेफ, मेट. थँक यू."

मला वाटलं होतं, सर आता निवांत होतील. ते वाळत गेले. इशारा पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसून राहायचे. एकदा उशीर होतोय म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवून ते दाबलं. तेव्हा म्हणाले, "मृणाल, पूर्वी बरं होतं गं. मी सांगायचो, अर्धे लोक आपलं डोकं वापरायचे. चूक झाली तरी ती वाटली जायची. आता सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. मी नको म्हटलं की त्यांचं पीक माझ्यावर, हो म्हटलं की त्यांचा जीव माझ्यावर. चुकायची सोयच ठेवली नाही रे बाप्पा यांनी." मी त्यांना म्हणाले, सर, लोकांचा विश्वास बसलाय, चांगलं आहे ना हे? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून लहान आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर गुडघे सांगितले. सुजाताताई शाळेत जायच्या आणि सर घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. मला भीती वाटते, रोज वाटते, आणि ती घालवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

त्यांना शेवटचं मनसोक्त बघितलं ते वानखेड्यांच्या घरी. त्यानंतर ते दोघं मुलीजवळ राहायला मेलबर्नला गेले. वानखेड्यांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला होता, म्हणून दुपारचं जेवण, मागच्या अंगणात. लॉनवर टेबलं मांडलेली, चिकनचा वास, मुलं स्प्रिंकलरमध्ये भिजतायत. मला सुट्टी होती आणि मी ठरवून वर बघत नव्हते. सर बायकांच्या घोळक्यात बसून कुणाची तरी टिंगल करत होते. चेहरा भरला होता, शर्टही नवा होता. मी त्यांना भर दुपारी जेवताना पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

तेवढ्यात घरांच्या छपरांवरून पश्चिमेला एक ढग डोकावला. लहानसा, पांढरा, फुलकोबीसारखा. सगळ्यांना दिसला. बोलणं कमी कमी होत थांबलं. वानखेडे हातात डाव घेऊन उभे होते. त्यांनी ढगाकडे बघितलंच नाही. त्यांनी सरांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, काय वाटतं?"

अंगणातली सगळी माणसं सरांकडे बघायला लागली. सरांनी घास गिळला. उठले. बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिले. मग वळून, स्वच्छ आवाजात, प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माहीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच ते असं म्हणाले असतील. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, अगदी हसू फुटायच्या बेतात.

वानखेड्यांनी डाव खाली ठेवला. "चला, ऑल ऑफ यू, इनसाइड," ते म्हणाले. कुणी का म्हणून विचारलं नाही. बायकांनी भांडी उचलली, कुणीतरी स्प्रिंकलर बंद केला, "बट काका सेड ही डझन्ट नो!" असं ओरडणाऱ्या मुलीला तिच्या आईने दंडाला धरून आत नेलं. बघता बघता अंगण रिकामं झालं. लख्ख ऊन होतं. मधोमध सर एकटे उभे होते, हातात अर्धं भरलेलं ताट. त्यांनी आतल्या लोकांकडे बघितलं. काचेच्या दाराआड सगळे दाटीने उभे राहून त्यांच्याचकडे बघत होते. मग सरांनी ताट खाली ठेवलं, दोन खुर्च्या उचलल्या आणि खांदे पाडून त्या आत आणायला लागले.